डेल्फिन आंटीचे थेंब

सोमवार, ८ डिसेंबर

वागळे इस्टेटला आमच्या कंपनीत ग्लूचं ऑटोमॅटिक मशीन येतंय! श्रवणयंत्रांच्या स्पीकरवर सुईने हाताने ग्लूचे थेंब सोडणाऱ्या आम्ही दोघीच, मी आणि डेल्फिन आंटी. आता खुर्ची एकच राहणार. साकेत सर म्हणाले, "गुरुवारी टेस्ट. प्रत्येकीने एक ट्रे, शंभर थेंब. जिचा चांगला, ती राहील." आंटीला रिटायर व्हायला अजून दोन वर्षं आहेत. मला कुठेही मिळेल काम. तिला या वयात कोण घेणार?

मंगळवार, ९

चहा पिताना आंटीचा कप हिंदकळला. पटकन दुसरा हात लावला तिने. मी बघितलंच नाही असं दाखवलं. याच हाताने शिकवलंय मला — श्वास सोड, मग पेडल दाब, सुई सरळ वर घे, नाहीतर थेंबाला शेपटी येते. पहिल्या महिन्यात श्रवणयंत्रांचे किती स्पीकर वाया घालवले मी! "होतं गं बाय," म्हणायची, आणि डब्यातला बोंबील माझ्या चपातीवर. फार जीव आहे माझा तिच्यावर. झालं, लिहून टाकलं.

गुरुवार, ११

केलं! टेस्ट संपल्यावर आंटी हात धुवायला गेलेली. तेवढ्यात दोन्ही ट्रेंवरची नावाची स्टिकर्स अदलाबदल केली. माझा ट्रे आता तिचा.

शुक्रवार, १२

वाट लागली. सरांनी दोघींना मायक्रोस्कोपखाली ट्रे दाखवले. "डेल्फिन" लिहिलेल्या ट्रेत, म्हणजे माझ्या, जागोजाग बुडबुडे! फ्रीजमधून काढलेली ग्लूची सिरिंज तासभर बाहेर ठेवायची सोडून मी घाईत मुठीत चोळून गरम केलेली. आणि "ऋतिका" लिहिलेला, म्हणजे आंटीचा — शंभरपैकी शंभर! कप हलतो, पण सुई धरली की हात जागचा हलत नाही. सर म्हणाले, "ऋतिका राहील." आंटीने माझी पाठ थोपटली. मूर्ख आहे मी, मूर्ख! कोणी सांगितलेला हा शहाणपणा?

शनिवार, १३

सरांना सगळं सांगितलं. जाम ओरडले. खुर्ची आंटीला. मी सोमवारपासून घरी. रडले थोडी, पण बरं वाटतंय.

रविवार, १४

आंटीच्या घरी जाऊन माफी मागितली. तर म्हणते, "अगं, माझे थेंब मला नाही ओळखता येणार? मायक्रोस्कोपला डोळा लावला तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"सर तुला ठेवत होते ना, बाय."