नॉर्वेत कुणीतरी ऐकतंय

१७ मे २०२६, रविवार. दुपारी ३. बाहेर ४४ डिग्री.

आजपासून संकल्प. 'असीरगढ, भाग पहिला' हा ट्रॅक याच महिन्यात पूर्ण करून ऑनलाइन टाकणे. इन्स्ट्रुमेंटल रॉक. अकरा मिनिटं. शब्द नाहीत. शब्दांची गरज कच्च्या संगीताला असते. (हे वाक्य मुलाखतीत वापरणे.)

अधिक महिन्यात नवीन काम सुरू करत नाहीत, असं बायको, म्हणजे तृप्ती, म्हणाली. तिला सांगितलं की काम नवीन नाही, तीन वर्षं सुरूच आहे. ती म्हणाली, तेच तर.

मग तिने अट घातली. अधिक संपेपर्यंत नात्यागोत्याबाहेरच्या एका माणसाने, एकाच, माझा ट्रॅक पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला पाहिजे. नाही ऐकला तर गिटार माळ्यावर आणि मी वाजवतो त्या मागच्या खोलीत तिचं पिको-फॉलचं मशीन. मी लगेच हो म्हटलं. एक माणूस म्हणजे काय! बिचारीची कीव आली.

१९ मे

टेक १४. वाया. बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यात राहून रॉक करणं सोपं नाही. शेजारचे पॉवरलूम प्रत्येक टेकमध्ये घुसतात. तृप्तीच्या मते लूमचा ताल माझ्यापेक्षा पक्का आहे. ती कॉमर्सची, तिला हे कळणार नाही.

२१ मे

आयडिया! नदीपलीकडे जैनाबादला सासऱ्यांचं केळी पिकवायचं चेंबर आहे. जाड भिंती, जाड दार, आत सतरा डिग्री. परदेशात अशा स्टुडिओसाठी लोक वर्ष-वर्ष थांबतात. शाळेला सुट्टी आहेच. (कॉम्प्युटर शिकवतो, पण ते फक्त पोटापाण्यासाठी.)

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. विचारलं. त्यांनी केळ्यांच्या एका फणीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "तुमचंच आहे, जवाईबापू." किती रसिक माणूस!

तृप्तीचं मत वेगळं. म्हणाली, माहेरी तुम्हाला कोणी काही बोलू शकत नाही, म्हणून तिथे वाजवायचं सुचतं. चूक आहे हे. ते बोलत नाहीत कारण ते भारावून जातात.

२२ मे. रात्री.

रेकॉर्डिंग झालं!! चेंबर थंड ठेवणाऱ्या कॉम्प्रेसरची घूं-घूं माइकमध्ये येत होती म्हणून बंद केला. सात तास. परत सुरू केला बहुतेक.

चेंबरवरचे कौतिकभाऊ पूर्ण वेळ क्रेटवर बसून होते. सहाव्या मिनिटाला हळूच म्हणाले, "जवाईबापू, गाणं कवा सुरू व्हईल? मी वाट पाहून राहिलो." त्यांना समजावलं की हेच गाणं आहे. त्यांनी माफी मागितली.

२४ मे

विलक्षण घटना. पाच दिवसांत पिकणारी केळी दोन दिवसांत पिकली. नुसती पिकली नाहीत, काळे ठिपके आले, फण्या हातात सुटून यायला लागल्या. दोन गाड्या माल. माझ्या बेस लाइनमुळे केळी लवकर पिकतात, हा शोध आहे. मामांना सविस्तर सांगितला.

कौतिकभाऊ कॉम्प्रेसरबद्दल काहीतरी बोलायला लागले, तर मामांनी त्यांचा दंड धरला. मला म्हणाले, "असू द्या जवाईबापू. केळीच ती. आज नाहीतर उद्या पिकायचीच." त्यांचे डोळे पाणावले होते. संगीताने पाणावतात.

२६ मे

सगळं घर शिकरण खातंय. तिसरा दिवस.

चेंबरला नवं कुलूप. चावी कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही, मामांनासुद्धा. माझ्या शोधाची बातमी बाहेर फुटू नये म्हणून केलं असणार. सांगितलं असतं तरी चाललं असतं.

ट्रॅक अपलोड केला. जैनाबादला जाऊन सगळ्यांच्या फोनवर लिंक स्वतः ठेवून आलो. मामी (सासूबाई) पोथी वाचत होत्या. त्यांनी चष्मा लावून विचारलं, "हे दाबलं का तुमचं वाजते?" म्हटलं, हो मामी, दाबायचं फक्त.

३० मे

एकूण प्ले: चार. चारही माझे.

मामांना विचारलं, ऐकलं का? म्हणाले, फोन चार्जिंगला आहे. परवाही चार्जिंगलाच होता. शाळेतल्या गजानन सरांनी फीडबॅक दिला की कराओके छान झालंय, गाणारा कोण घेणार? उत्तर देणार नाही.

२ जून

अजून चारच. तृप्ती टेप घेऊन मागची खोली मोजत होती. मी दारात उभा राहिलो. ती म्हणाली, पाय उचला जरा.

खरं सांगायचं म्हणजे, ती खोली गेली तर मी फक्त कॉम्प्युटर सर राहतो. उद्यापासून फोन बघायचा नाही. निदान सकाळी नाही.

५ जून. सकाळी ७.

तेरा!!!

तीन दिवस रोज तीन प्ले. एकच डिव्हाइस. पूर्ण अकरा मिनिटं, तिन्ही वेळा! गावाच्या रकान्यात काही नाही, पण वेळ दिसते: पहाटे पाच. पहाटे पाचला बुऱ्हाणपुरात रॉक कोण ऐकेल? कोणी नाही. म्हणजे माणूस परदेशात आहे. हिशोब केला. आपले पहाटेचे पाच म्हणजे नॉर्वेत रात्रीचे दीड. नॉर्वे जड गिटारचा देश. माणूस नॉर्वेचाच आहे.

तृप्तीला दाखवलं. तिने पहाटे पाचच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि फोन मला परत दिला. बोलणार काय!

९ जून

पंचवीस. नॉर्वे नेमाने येतो. शिस्तीचे लोक.

मशीनवाल्याला मी स्वतः फोन करून ऑर्डर थांबवली. तृप्तीला तिकडून कळलं. ती मशीन पुसायचं फडकं शिवून बसली होती. नुसतं घडी करून ठेवलं. मी तिला ऑस्लोला न्यायचं कबूल केलं.

'असीरगढ, भाग दुसरा' बावीस मिनिटांचा करावा, असा विचार आहे. नॉर्वेला कमी पडत असेल, म्हणून तर तीन-तीनदा ऐकतो.

१३ जून

सदतीस. तृप्ती उद्याच्या धोंड्याच्या जेवणाची तयारी विचारायला माहेरी फोन करत होती. तिला सांगितलं, उद्या सगळ्यांसमोर नॉर्वे जाहीर करणार. ती म्हणाली, नका करू. माझ्या यशाची तिला सवय नाही.

१४ जून, रविवार. संध्याकाळी.

सकाळी फोन बघितला. सदतीसच. नॉर्वे आला नाही. आजारी असेल, म्हटलं.

जैनाबादला गेलो. पाट, रांगोळी, पुरणाचे धोंडे, तुपाची वाटी. मामींनी ताटात अनारसे ठेवले, मोजून तेहतीस. अधिकात जावयाला तेहतीसचं वाण देतात, दर तीन वर्षांनी घेतोच मी. शर्टपीससुद्धा. मामा, कौतिकभाऊ, सगळे समोर. मी उभा राहून नॉर्वे जाहीर केला. रोज पहाटे पाच, रोज तीनदा, अकरा दिवस.

मामा धोंड्याकडे बघत होते.

मग मामीच बोलल्या. खूश होत्या. "मीच दाबे ते, जवाईबापू. पोथीच्या वक्ताला. अनारसे तर सगळेच देतात, म्हटलं तुमच्या आवडीचंबी तेहतीस द्यावं. काल पुरे झाले."

मी विचारलं, मामी, कसं वाटलं?

म्हणाल्या, "आवाज बंद ठेवेल व्हता ना. पोथी चालू राहे. पण मधी फोन झोपून जाय, तर घडी-घडी बोट लावा लागे. पानं उलटायची का बोट लावायचं, लई धांदल."

मग वाकून हळूच म्हणाल्या, "पुढच्या अधिकात जरा लहान बनवजा. अकरा मिनटं लई व्हतात."

मी अनारसा तोंडात घातला. रडू आलं. मामांना वाटलं तूप जास्त झालं. तेहतीस वेळा त्या बाईने माझ्यासाठी बोट लावलं आणि एक सूर ऐकला नाही. रागवायचं कोणावर?

येताना पुलावर, गाडीवर मागे बसलेल्या तृप्तीने खांद्यावर हात ठेवला. तिला पाच तारखेलाच कळलं होतं. आईची पोथीची वेळ तिला पाठ आहे.

१५ जून, सोमवार

अधिक संपला. शाळा सुरू.

मशीनवाल्याला मीच फोन केला. गिटार माळ्यावर चढवली. तृप्तीने शिडी धरली. खोलीत मशीन छान मावतं.

पुढचा अधिक २०२९ च्या मार्चमध्ये आहे. ट्रॅक साडेतीन मिनिटांवर आणायला तेवढा वेळ पुरेल.