फणसाचे दार

खर्र-सूं, खर्र-सूं. वडिलांच्या वखारीत दोन माणसांची मोठी करवत अशी चालायची आणि तिच्या चालीवर मी शाळेतल्या कविता पाठ करायचो. तो आवाज आजही जसाच्या तसा कानात आहे, यावरून माझी बुद्धी शाबूत आहे असे समजावे. कोणाचे दडपणही नाही. डोळ्यांच्या मधोमध मात्र काळा डाग बसला आहे. कडेचे दिसते, समोरचे नाही. म्हणून मी सांगतो आणि शेजारचे शिंपीमामा लिहितात. ते ऐकलेले सगळे लिहितात, काही गाळत नाहीत.

१. वखार व तिच्यावरचे हे राहते घर मुलाला.

२. रंधे, पटाशा, करवती वखारीतल्या जुन्या सुताराला. त्याने कधी मागितल्या नाहीत, म्हणूनच.

३. घराचे दार फणसाचे आहे. जुने होऊन तपकिरी पडले असले तरी सागाचे म्हणून विकू नये. माझ्या मुलीला अक्षरओळखीच्या आधी या दाराच्या लाकडाची ओळख होती. उभ्या जन्मात मी एका लाकडाला दुसऱ्याचे नाव दिलेले नाही.

४. दोन पेट्या आहेत, मापाने सारख्या. सागाची मुलाची, शिवणीच्या लाकडाची मुलीची. त्यांच्या आईने तशा वाटून दिल्या होत्या. सागाच्या रेषा गडद, ठाम. शिवण फिकट, तिच्या रेषा मंद, कवितेची ओळ अर्धवट आठवावी तशा. मुलाने दोन्हींना एकच काळपट पॉलिश मारले. म्हणाला, "मॅचिंग दिसतंय की, बाबा." आता लाकडाचा वास येत नाही, आणि उचलून वजन पाहावे तर हातांत जोर नाही. ओंडक्याचा छेद पाहून झाड सांगणारा मी, घरातल्या पेट्यांवर हात फिरवत नुसता बसून असतो.

सबब मुलीने स्वतः येऊन, रेषा पाहून, आपली पेटी ओळखून न्यावी. ती ओळखेल. दुसऱ्या कोणाला पाठवू नये.

शिंपीमामा विचारतात, "पेटी न्यायला, का तुम्हाला भेटायला? नीट सांगा, तसं लिहितो."

"पेटीच लिहा."

५. जावयाला काही नाही. तो प्लायवूड विकतो, त्यावर सागाच्या छापील रेषा असतात. लग्नात चारचौघांत मी त्याच्या मालाला 'लाकडाचा फोटो' म्हणालो. तेव्हापासून मुलगी या घराची पायरी चढलेली नाही. म्हणालो ते खरेच होते. मागे घेत नाही.

साक्षीदार पहिला: शेजारचे शिंपी. सही केली आहे.

साक्षीदार दुसरा: कोपऱ्यावरचे न्हावी. येतो म्हणालेत. दार वाजते आहे, तेच असतील.

न्हावी नाहीत. जावई आहे.

"तुम्हाला पेट्या ओळखता येत नाहीत, असं मेव्हण्यांनी फोनवर सांगितलं," तो उंबऱ्याबाहेरूनच बोलला. "ती खाली उभी आहे. म्हणाली, आधी तू एकटा जा आणि त्यांच्या दाराचं लाकूड ओळखून दाखव. ते बरोबर म्हणाले तरच मी वर येईन."

"मग? कशाचं आहे?"

दारावरून तळवा फिरल्याचा आवाज आला. बराच वेळ.

"सागाचं."

शिंपीमामांच्या पेनाची करकर थांबली.

"बरोबर," मी म्हणालो. "जा, तिला सांग. साग म्हणालो, आणि ते बरोबर म्हणाले, असंच सांग."

तो खाली गेला. शिंपीमामा विचारतात, कलम तीन खोडू का. म्हटले, थांबा जरा.

ठिकाण: राहते घर.
दिनांक: आजचाच.
सही: करतो. आधी जिन्यावर किती जणांची पावले आहेत ते ऐकू द्या.