वेशीपाशी उतरायचं

आबा,

परवा चतुर्थीला राजूरला गेले होते. मला मोटारीत मधल्या सीटवर बसवलं, दोन्हीकडून दाबून, म्हातारी जणू खिडकीतून उडून जाणार होती. रस्ता तुम्ही ओळखणार नाही इतका रुंद झालाय. टेकडी मधोमध कापून काढलीय. ट्रक, जीपा, फटफट्या, सगळे एकमेकांच्या मागं भोंगे वाजवत चाललेले, आणि माझा मुलगा सारखा म्हणतो, "आई, या रस्त्यानं जीव नको केलाय." त्याला काय सांगू, की याच रस्त्यावर दिवसभरात एखादी बैलगाडी भेटली तर आपण सायकलवरून उतरून गाडीवानाशी बोलत उभे राहायचो. पुढचं माणूस कधी भेटेल याचा नेम नसायचा. घरी आल्यापासून डोकं तिथंच अडकलंय, म्हणून लिहायला बसले. सून म्हणते, कुणाला लिहिताय. म्हटलं, कामाचं आहे, तू तुझी भाजी बघ.

आई गेली तेव्हा मला ठेवायचं कुठं हा प्रश्न होता. तुम्ही सरकारचे देवी टोचणारे, निम्मा हिवाळा गावोगाव हिंडण्यात जायचा. आत्या शेजारीच होती, पण तिच्या घरात आधीच पोरांचा बाजार. "मंग कॅरियर मोकळंच हाय की," असं म्हणून तुम्ही मला मागं बसवलंत. लशीच्या नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवलेल्या, आणि डबा माझ्या मांडीवर. फडकं वाळलं की सांगायचं, मग पुढच्या ओढ्यावर थांबून ते भिजवायचं, एवढं माझं काम. पुढं कळलं की माझा आणखी एक उपयोग आहे. बायका परक्या पुरुषाच्या हातात लेकरू देत नसत. मुसलमानांच्या घरी तर पडद्यापलीकडून नुसता आवाज यायचा, "बच्ची कू अंदर भेजो." मी आत जायचे, लेकरू उचलून ओट्यावर आणायचे, त्याचा दंड घट्ट धरायचे. ते रडलं की पहिली शिवी मलाच. तुम्ही मान खाली घालून सुई पुसत बसायचात, जसं काही टोचलं मीच.

दोन गावांच्या मधला रस्ता मात्र आपला. भोकरदनच्या पुढं टेकड्यांत शिरलं की चाकोऱ्या, मुरूम, पळसाची झाडं आणि वारा, एवढंच. साखळीची करकर ऐकू यायची. एखादी टिटवी ओरडली तर मी दचकायचे. आणि तुम्ही प्रत्येक वळणावर घंटी वाजवायचात. समोर चिटपाखरू नाही, तरी वाजवायचात. एकदा मी विचारलं, "आबा, कुणाला वाजवून राह्यले?" तुम्ही म्हणालात, "रस्त्याला. आपण आलो हाव, त्याला कळू दे." तेव्हा मला हसू आलं. आई नसलेल्या घरात शिरतानाही तुम्ही दाराची कडी उगीच दोनदा वाजवायचात, ते नंतर आठवलं, आणि मग हसू आलं नाही.

त्याच रस्त्यावर तुम्ही मला सायकल शिकवलीत. परकर खोचायला लावलात आणि दांडीखालून पाय घालून कैची मारायला शिकवलीत. मी पडले, ढोपरं फुटली, तुम्ही लशीच्या डब्याकडं आधी पाहिलंत आणि मग माझ्याकडं. त्याचा राग मला कितीतरी दिवस होता. "मागं बघू नको. मागं मी हाव," एवढंच सांगायचात. पुढच्या हिवाळ्यात मी दांडीवरून पाय टाकून सीटवर बसायला लागले, पाय जेमतेम पोचायचे. उतारावर तुम्ही मागं चालत यायचात आणि मी वाऱ्यासारखी खाली. आबा, मला तेवढं सुख पुन्हा कशात मिळालं नाही. लग्नात नाही, पोरं झाली तेव्हा नाही. सांगून टाकते एकदाचं.

पण वेस दिसली की तुमचा आवाज बदलायचा. "उतर माय." कोणतंही गाव असो, वेशीपाशी मी उतरायचे, परकर सोडायचे, डबा घेऊन मुकाट्यानं तुमच्या मागून चालायचे. आपल्या गावात तर तुम्हीही उतरायचात. गढीसमोरून कुणी बसून जायचं नाही, घोड्यावरचा असो नाहीतर सायकलवरचा, अशी तिथली रीत. मला वाटायचं, गढीची रीत मी समजू शकते, पण माझी कसली लाज? आत्या दर आठवड्याला बजावायची, "गावात कुणी बघितली सायकलीवर, तर पोरीला करून घ्यायला कोण येणार न्हाई." तुम्ही हूं म्हणायचात. त्या एका हुंकारावरून मी धरून चालले, की तुम्हीही तिच्याच मताचे.

मग तो तापाचा दिवस. टेकडीपलीकडच्या वस्तीवर टोचून आपण निघालो आणि अर्ध्या वाटेत तुम्हाला हुडहुडी भरली. पळसाखाली बसलात ते उठेचनात. दात वाजत होते. मी ओढ्याचं पाणी आणलं, फडकं लशीच्या नळ्यांवरून काढून तुमच्या कपाळावर ठेवलं. तुम्ही ते परत नळ्यांवर ठेवायला लावलंत. इकडं तिकडं पाहिलं, माणूस नाही, गाडी नाही. त्या रस्त्याचं एकटेपण पहिल्यांदा मला खायला उठलं. शेवटी एका दगडाला सायकल टेकवली, तुम्हाला कॅरियरवर बसवलं, धोतराच्या सोग्यानं तुमचा डबा तुमच्याच पोटाशी बांधला. तुमच्या कपाळाची धग माझ्या पाठीला लागत होती. चढ आला की मी उतरून ढकलायचे, तुम्ही वाकून सीट धरायचात. उतार आला की देवाचं नाव घ्यायचे. वळणावर मागून तुमचा आवाज, "घंटी वाजव." मी वाजवली.

आपल्या गावाची वेस आली, मारुतीपाशी चार माणसं बसलेली. मी सवयीनं पाय टेकला. तुम्ही म्हणालात, "उतरू नको." मला वाटलं तापात बरळताय. मी म्हटलं, "आबा, वेस आली." तुम्ही म्हणालात, "दिसली मला. चाल." आणि मी गेले. दारादारांत बायका उभ्या राहिल्या. आत्या घागर घेऊन येत होती, ती तशीच थिजली. गढीच्या पायरीवरून कारभारी ओरडला, "ए पोरी, उतर खाली! दिसत न्हाई का कुठून चाल्लीस?" तुम्ही मागून बोललात, मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मी उतरलो तर पडतो, आन ती उतरली तरी मीच पडतो. जाऊ द्या तिला. लेक हाय माझी." कारभारी काय बोलला ते मी ऐकलं नाही. मी मागं बघितलंच नाही.

त्यानंतर आपलं हिंडणं संपलं. तुम्ही बरे झालात, पण मला कॅरियरवर कधी घेतलं नाहीत. आत्यानं रडून ओरडून घर डोक्यावर घेतलं, आणि त्याच उन्हाळ्यात माझं परतूरला ठरवलं, जिथं आपल्या गावची बातमी पोचली नसेल अशा ठिकाणी. तुम्ही पुन्हा हूं म्हणालात. जालन्याच्या स्टेशनावर तुम्ही गाडीच्या खिडकीशी उभे होतात, आणि मी तुमच्याकडं बघत नव्हते. त्या दिवशी "उतरू नको" म्हणालात, ते मनापासून की तापामुळं? एवढं एकच विचारायचं होतं. माहेरपणाला आले की रोज ठरवायचे, आज विचारू. तुम्ही ताटावर बसायचात, आत्या समोर असायची, आणि मी भाकरी वाढून आत जायचे. तुम्ही ते कधी पुन्हा काढलं नाहीत, मीही नाही.

तुम्ही गेलात ते रझाकारांच्या धामधुमीत. गाड्यांचा भरवसा नव्हता, निरोप पोचेपर्यंत सगळं उरकलेलं. मी आले तेव्हा आत्या एवढंच म्हणाली, "शेवटी नुसतं हात हलवत होते, जसं काही वाजवून राह्यले." तिला कळलं नाही, मला कळलं. अर्धं गाव भीतीनं दुसरीकडं निघून गेलेलं, दारांना कुलपं. सायकल पडवीत उभी होती. भर दुपारी मी ती बाहेर काढली. नऊवारीचा कासोटा होता, दांडी आडवी आली नाही. टेकडीपर्यंत गेले, त्या पळसापाशी टेकले, परत फिरले. वळणावर घंटी वाजवली. उतारावर वाऱ्यानं डोळ्यांतलं पाणी कानाकडं जात होतं, पुसायला हात मोकळा नव्हता.

वेस आली. मारुतीपाशी कुणी नाही. गढीचं दार बंद. कुठल्या उंबऱ्यात बाई नाही. आबा, बघायला एक माणूस नव्हतं, आणि तरी मी उतरले. पदर सारखा केला आणि सायकल ढकलत घरी नेली. मागं कुणी बसलेलं नव्हतं ना, उतरू नको म्हणायला. तेव्हापासून कुणी विचारलं, तर मला सायकल येत नाही असंच सांगते.