हरकत नसल्यास

३ फेब्रुवारी, मिरज

पोचलो एकदाचा. कोइमतूरहून एक रात्र आणि अर्धा दिवस गाडीत बसलो, तरी अंग दुखत नाही, उलट पळत सुटावंसं वाटतंय.

चार वर्षं तिकडं गलाईच्या दुकानात भट्टीपुढं काढली. जुनं सोनं वितळवायचं, कचरा बाजूला करायचा, परत तेच. दुपारी भट्टी निवेपर्यंत मोबाईलवर प्रोग्राम लिहायला शिकलो, तेपण मराठीतनं. जोंधळा म्हणून भाषा आहे, मराठीतनं प्रोग्राम लिहायची. कुणाच्या मालकीची नाही. तीस-बत्तीस माणसं आपापली नोकरी सांभाळून ती चालवतात, कुणीबी बघावी, कुणीबी दुरुस्त करावी. तिची वेबसाइट जुनी झाली, नवी करायचीय, आणि तीन महिने ठाण मांडून बसणारं कुणीतरी पाहिजे होतं. मी हात वर केला. नववीतनं शाळा सोडलीय हे कुणी विचारलंच नाही.

राहायला मुजीबच्या घरी माडीवर. मुजीब जोंधळ्याच्या आतलं काम बघतो, आणि त्याचे अब्बा खाली सतारी बनवतात. जिन्यात वाळलेले भोपळे टांगलेत. मुजीब म्हणाला, गड्या, भोपळा तुझ्या डोक्यावर पडला तर काळजी न्हाई, पण भोपळ्याला काय झालं तर अब्बा तुला जेवायला घालायचे न्हाईत. शकिलाचाचींनी मात्र दोनदा वाढलं.

आईला जतला फोन लावला. ती म्हणाली, मेंढरं सोडून भट्टी धरलीस, भट्टी सोडून आता काय धरलंस. मी सांगितलं, वेबसाइटवर माझं नाव येणार आहे. तर म्हणते, आधार कार्डावर हाय की.

तिला कसं सांगू. माझं नाव कुठल्या चांगल्या यादीत कधी आलंच नाही. शाळेत यायचं ते गैरहजरांच्या.

५ फेब्रुवारी

कामाची मुकादम क्रांतीताई. साताऱ्याला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात. व्हिडिओ कॉलवर दीड तास सगळं समजावलं. रोज काय केलं ते लिहीत जा म्हणाल्या, म्हणून ही वही.

इथली एक रीत लय आवडली. कायबी बदलायचं असेल तर फळ्यावर प्रस्ताव टाकायचा. फळा म्हणजे वेबसाइटचंच एक पान, सगळ्यांना दिसणारं. मग तीन दिवस थांबायचं. कुणी हरकत लिहिली नाही तर मंजूर, आणि बरोबर त्या मिनिटाला एक प्रोग्राम आपोआप तो बदल करून टाकतो. एकाची जरी हरकत पडली तरी रद्द. फक्त ज्याच्याबद्दल प्रस्ताव आहे त्याला स्वतः हरकत घेता येत नाही. मी विचारलं, आणि कुणी वाचलंच नाही तर. ताई म्हणाल्या, नाथा, सगळ्यांच्या होकाराची वाट बघत बसलो तर आपली पोरं म्हातारी होतील रं. गप्प बसला तो हो म्हणाला.

तो प्रोग्राम आणि अख्खी जुनी वेबसाइट एकाच माणसानं बांधली होती. किल्ली, म्हणजे मुख्य पासवर्ड, त्याच्याकडंच राहिली. म्हणून तर नवी करायची.

९ फेब्रुवारी

मला 'माणसं' हे पान दिलंय. जुन्या साइटवर सगळी नावं एकाखाली एक आहेत. नवीन पानावर दोन याद्या, कामावर आणि माजी. प्रत्येकाला मेल करून विचारायचं, कुठल्या यादीत टाकू.

माझं डोकं जरा जास्तच चालतं. विचारत बसण्यापेक्षा इथलीच रीत वापरली. सगळ्यांना एकच मेल: तुमचं नाव 'कामावर' ठेवतोय, हरकत असल्यास तीन दिवसांत कळवा. एकतीस मेल चहा गार व्हायच्या आत गेले.

१२ फेब्रुवारी

बावीस जणांची उत्तरं आली. सातजण माजीत गेले. नऊजण गप्प. गप्प म्हणजे हो, टाकले कामावर. शेवटी माझं नाव लिहिलं. नाथाजी. बटण दाबलं आणि पान उघडून नुसता बघत बसलो. मुजीब म्हणाला, आरशात बघतोस काय रं.

माझ्या वर त्या नऊतलं शेवटचं नाव आहे, धैर्यशील.

१४ फेब्रुवारी

हा धैर्यशील कामाचा माणूस निघाला. जुन्या लिंका तुटत होत्या, मुजीब आठवडाभर डोकं आपटत होता. यानं दोन दिवसांत चाळीस जोडल्या. बोलत काही नाही. काम उचलतो, 'झालं' लिहितो. आभार मानले, उत्तर नाही. मला वाटलं माझ्या मेलनं माणूस परत कामाला लागला. जरा फुगलोच.

१५ फेब्रुवारी, रविवार

क्रांतीताई साताऱ्याहून आल्या. कंदी पेढे आणले. माडीवर बसून सगळं काम बघितलं. लिंका बघून मुजीबची पाठ थोपटली, तर मुजीब म्हणाला, मी न्हाई, धैर्यशीलनं केलं.

ताईंचा हात तसाच राहिला.

धैर्यशील दोन वर्षांपूर्वी वारला. इथंच मिरजेत, दवाखान्यात. ताई दहाव्याच्या दिवसाला गेल्या होत्या. मुजीबला तो मेल्याचं माहीत होतं. तो म्हणाला, मला वाटलं त्याच नावाचा दुसरा कुणी असंल. जुनी वेबसाइट बांधणारा तोच. किल्ली त्याच्याकडंच.

मग ताई म्हणाल्या, त्याचा पासवर्ड कुणाच्या तरी हाती लागलाय. त्यांनी विचारलं, याला कामावर कुणी घातलं.

'मी' असं म्हणायला पाहिजे होतं. पेढा तोंडात होता. गिळला आणि म्हटलं, जुन्या यादीतनं आपोआप आलं असेल.

ताईंनी लगेच प्रस्ताव टाकला, धैर्यशील यांचं नाव काढावं. टाकतात न टाकतात तोच खाली त्याची हरकत आली. त्याच्याबद्दलचाच प्रस्ताव, त्याला घेताच येत नाही. पण प्रोग्रामनं ती घेतली, ताईंचा प्रस्ताव रद्द.

१६ फेब्रुवारी

दुपारी तीन वाजता फळ्यावर प्रस्ताव आला. टाकणारा धैर्यशील. 'मुजीब यांना माजी करावं. हरकत असल्यास तीन दिवसांत कळवावी.'

मुजीब हसला. म्हणाला, मेलेल्या माणसानं मला रिटायर केलं, अम्मीला सांगतो, पेन्शन चालू करा म्हणून.

१८ फेब्रुवारी

अजून कुणाची हरकत नाही. फळा रोज तीसजण वाचतात, आकडा खाली दिसतो. मी दोनदा लिहायला घेतलं. पण हरकतीला कारण द्यावं लागतं. कारण लिहायचं तर धैर्यशील कामावर कसा आला ते निघणार. मग माझं नाव राहील होय यादीत?

क्रांतीताई लिहितीलच. त्या मुकादम.

१९ फेब्रुवारी

पावणेतीनपासून मोबाईल हातात घेऊन बसलो होतो.

तीन वाजले. 'हरकत नाही. मंजूर.' मुजीबचं नाव खालच्या यादीत गेलं.

ताईंना फोन केला. कॉलेजात परीक्षा होती म्हणाल्या, आणि तू तिथंच आहेस, मला वाटलं तू लिहिशील.

मुजीब म्हणाला, जाऊ दे गड्या, एका यादीतनं दुसऱ्या यादीत गेलो, मेलो तर न्हाई ना.

२० फेब्रुवारी

सकाळी शकिलाचाचींनी चारऐवजी तीनच ताटं मांडली. मला वाटलं मुजीब बाहेर गेलाय. तो दारातच उभा होता, हात धुऊन. मी म्हटलं, चाची, मुजीबचं ताट. त्यांनी माझ्याकडं मायेनं बघितलं आणि म्हणाल्या, मुजीब होता तवा दोन भाकऱ्या जास्त लागायच्या.

मुजीब म्हणाला, अम्मी, चेष्टा बास.

त्यांनी भाकरी थापायला घेतली.

२१ फेब्रुवारी

अब्बांनी मुजीबची सतारकामाची अवजारं कापडात बांधून माळ्यावर ठेवली. मुजीब समोर बसून ओरडत होता. अब्बा तारा जुळवत होते, मान हलली नाही. गिऱ्हाईक आलं ते मुजीबला वळसा घालून गेलं, जसं खांबाला घालतात.

मला तो दिसतोय, ऐकूबी येतोय. पण आवाज कालच्यापेक्षा बारीक. त्यानं माझा हात धरला. मला पकड कळलीच नाही.

दुपारी जुना फळा उघडून बसलो. जुनी पानं हलवायचं काम माझंच. दोन वर्षांपूर्वीचं सापडलं. लिहिणारा धैर्यशील. 'मिरजेत दवाखान्यात आहे. बी निगेटिव्ह रक्त लागतंय. जमेल त्यानं यावं.'

खाली कुणीच काही लिहिलेलं नाही. तीसजणांनी वाचलंय. प्रत्येकाला वाटलं असणार दुसरा जाईल. मुजीबचं घर त्या दवाखान्यापासनं चालत दहा मिनिटं.

त्याच्याखाली तीन दिवसांनंतरची ओळ आहे. त्याच्याच प्रोग्रामनं घातलेली.

'हरकत नाही. मंजूर.'

२२ फेब्रुवारी

मुजीबचे ओठ हलतात. आवाज नाही.

दुपारी जिन्यात बसला होता. मी पाणी आणायला गेलो. आलो तर नव्हता. चाचींना विचारलं, मुजीब कुठं गेला. त्या म्हणाल्या, आमचा मुजीब व्हय. लय गुणाचा होता. आणि परत गहू निवडायला लागल्या. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. जुनं दुःख असावं तसं.

२३ फेब्रुवारी

तीन वाजता नवा प्रस्ताव. 'क्रांती यांना माजी करावं.'

मी एका मिनिटात हरकत टाकली. कारण लिहिलं, त्यांच्याशिवाय काम चालत नाही. रद्द झाला.

ताईंचा फोन आला. मुजीबचं काय झालं ते त्यांना कालच सांगितलं होतं. रडत होत्या. माझी पोरगी समीक्षा अजून पहिलीत आहे, म्हणाल्या. नाथा, तुझे उपकार जन्मभर विसरायची नाही.

बरं वाटलं. लय दिवसांनी नीट जेवलो.

२४ फेब्रुवारी

तीन वाजता.

'नाथाजी यांना माजी करावं.'

मला स्वतःला घेता येत नाही हरकत. घ्यायला गेलो. बटणच दिसत नाही. निघून जावं, तर आपणच आपल्याला माजी केल्यासारखं.

सगळ्यांना मेल केले. माझ्या बाजूनं एक अक्षर लिहा.

२५ फेब्रुवारी

एकाचंच उत्तर आलं. लिहितो म्हणाला. लिहिलं नाही.

क्रांतीताई फोन उचलत नाहीत. सकाळपासनं एकोणीस वेळा.

चाची आज हाक मारताना अडखळल्या. नाव आठवेना त्यांना.

२६ फेब्रुवारी

तेच. फळ्यावर ताई हिरव्या दिसतात, म्हणजे वाचतायत. फोन नाही. हरकत घेईल त्याचं नाव पुढं येतं, हे त्यांनाबी कळलं असणार.

आईला फोन केला, उगाच. तिनं नेहमीसारखी हाक मारली. नाथ्या. दोनदा मारायला लावली. ती म्हणाली, येडा हाईस का रं.

उद्या सकाळची गाडी धरतो. साताऱ्याला ताईंसमोर जाऊन बसलो की लिहितील. एकच तर अक्षर.

२७ फेब्रुवारी, सातारा

दोन वाजून दहा. ताईंच्या घरात. दार उघडलं त्यांनी, या म्हणाल्या नाहीत, पण आत घेतलं. मोबाईल टेबलावर. फळा उघडाच आहे.

मी म्हटलं, ताई, एक हरकत. मग तुमचं नाव येईल तेव्हा मी लिहीन. परत माझं, परत तुम्ही. तीन दिवसाला एक, जन्मभर. दोघंबी राहू.

त्या म्हणाल्या, मुजीबच्या वेळी का नाही लिहिलंस?

दोन वीस. सांगितलं. सगळं. मेल मीच केला. नाव मीच टाकलं. पेढ्याच्या दिवशी खोटं बोललो. माझं नाव जाईल म्हणून गप्प बसलो. खरं सांगितलं तर विश्वास बसेल असं —

ताईंनी उठून समीक्षाला शेजारी पाठवलं.

दोन पस्तीस. पाया पडलो. त्यांनी मोबाईल उचलला. 'ह' लिहिलेला मी बघितला. पुसला.

म्हणाल्या, तीन दिवसाला एकदा माझा जीव तुझ्या हातात द्यायचा. ज्यानं मुजीबला —

मोबाईल टेबलावर पालथा ठेवला.

दोन पंचेचाळीस. मी म्हटलं, तुमच्यासाठी लिहिलं की मी. तुम्हीच म्हणालात जन्मभर विसरायची नाही. त्या खिडकीबाहेर बघतायत.

दोन बावन्न. चहा टाकते म्हणाल्या. आत गेल्या. मोबाईल घेऊन गेल्या.

लिहितील. आत लिहीत असतील. माझ्यासमोर लाज वाटत असेल —

दोन सत्तावन्न. कपबशीचा आवाज. एकच कप काढला. स्वतःला नको असेल.

ताई म्हणून हाक मारली. मोठ्यानं.

गॅस चालू आहे. फळा माझ्या मोबाईलवर दिसतोय. हरकती शून्य. वाचणारे तीस.

दोन एकोणसाठ. परत हाक मारली. आता आल्या बाहेर. हातात कप. खुर्चीवर बसल्या, माझ्या समोर, आणि स्वतःच चहा प्यायला लाग