ऊन पाठीशी

दौंड, मंगळवार, संध्याकाळ

रस्ता रुंद करायला उद्या दारातला पिंपळ तोडणार. शेवटचे फोटो काढत होते, पण फोटोत पानं सगळी सपाट, मेलेली. शेजारच्या शकीलाभाभी हसल्या, "बाई, उन्हाकडं पाठ करून काय काढताय? तिकडून या की, पानं कशी चमकत्यात बघा!"

कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी शिकवलं होतं, फोटो काढताना ऊन नेहमी पाठीशी. जन्मभर तेच केलं. आज वळले, तर पान न् पान शिरांसकट पेटलेलं.

मग आत येऊन मी काढलेले ह्यांचे जुने फोटो पाहिले. सगळे ह्याच पिंपळाखालचे. सगळ्यांत डोळे मिटलेले. ह्यांना जाऊन वर्ष झालं, आणि उघड्या डोळ्यांचा एकही फोटो नाही. ऊन माझ्या पाठीशी होतं ना.