आमेन होईपर्यंत

उमेळे, वसई

प्रिय नॅन्सी,

तुझ्या लेटलतीफ मावशीचं पत्र बघून हसशील. फोन सोडून हे काय, असंही म्हणशील. पण फोनवर मला रडू फुटतं आणि तुझी आई लगेच हातातून फोन काढून घेते. म्हणून लिहितेय. सगळ्यात आधी एवढं वाच: तुझी ॲनिशा बरी आहे. आत्ताच माझ्या डब्यातल्या नानकटाया फस्त करून अंगणात पळाली. हे नीट वाचलंस ना? आता पुढे वाच.

आंघोळीचं पाणी बघून ती एवढी का किंचाळते, असं तू मागे विचारलं होतंस. ‘वयच आहे तसं,’ असं सगळ्यांनी तुला सांगितलं आणि मीही व्हिडिओ कॉलवर मान डोलावली. ते खोटं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत तुझ्या पप्पांच्या, आपल्या मार्सेलभाऊंच्या, पंच्याहत्तरीला आम्ही सगळे समुद्राकडच्या रिसॉर्टवर गेलो होतो. फोटो तू पाहिलेसच. मार्सेलभाऊंचं तुला ठाऊक आहे, पाणी दिसलं की त्यांचं बावखल पुराण सुरू होतं. ‘कमरेला सुके नारळ बांधून आम्ही वाडीतल्या तळ्यात, बावखलात पोहायला शिकलो, आमच्या पोरांना पाण्याची कसली भीती!’ पण नॅन्सी, बावखलाचं पाणी हिरवंगार, तळ दिसायचा नाही, म्हणून आम्ही पोरं घाबरून असायचो आणि कपडे धुणाऱ्या बाया हात धुण्यात ठेवून डोळे आमच्यावर ठेवायच्या. रिसॉर्टचा स्विमिंग पूल मात्र निळाशार, तळाच्या फरशा मोजता येतील असा. त्याला कुणीच भ्यालं नाही.

मी नेहमीप्रमाणे उशिरा पोचले. रिक्षा अर्ध्या वाटेवरून परत फिरवली होती, गॅस बंद केला की नाही ते बघायला. बंदच होता. तुम्ही सगळे मला त्यावरून चिडवता, चिडवा. तर मी फाटकातून आत आले तेव्हा मांडवात जेवणाआधीची प्रार्थना चालली होती. सगळ्यांच्या माना खाली, हात जोडलेले, डोळे मिटलेले. मार्सेलभाऊंची प्रार्थना म्हणजे आजे-पणजे, शेजारी, स्वयंपाकी, सगळ्यांचे आभार. मला बरंच वाटलं, आपला उशीर कुणाला कळणार नाही. तेवढ्यात पुलात काहीतरी पिवळं दिसलं. वाटलं, कुणाची ओढणी पडली. मग केस दिसले.

आवाज नव्हता गं. हात मारणं नाही, हाक नाही, काही नाही. जेवायला बसायचं म्हणून तिच्या अंगातली ट्यूब काढून काठावर ठेवली होती, तीच आणायला गेली असणार. मी पर्ससकट उतरले. बावखलात मी कधी काठ सोडला नाही, मला पोहता येत नाही, पण पाणी माझ्या कमरेइतकंच होतं. एवढ्याशा पाण्यात आपलं लेकरू जात होतं. मी तिला वर उचललं तेव्हा मांडवातून सगळ्यांचं ‘आमेन’ ऐकू आलं.

ओठ निळे पडले होते. ती खोकली, ओकली, मग रडली. त्या रडण्याइतकं गोड मी काही ऐकलेलं नाही. हॉस्पिटलात रात्रभर ठेवून घेतलं, फुप्फुसं साफ आहेत म्हणाले. बाहेर बाकड्यावर एरॉल माझे हात धरून म्हणाला, “मावशी, प्लीज, नॅन्सीला नको सांगू. तिकडे एकटी आहे, उगाच टेन्शन घेईल.” तुझा नवरा वाईट नाही, पार खचला होता. सगळ्यांनी ठरवलं आणि मी गप्प बसले. मार्सेलभाऊंची प्रार्थना आता दोन ओळींत संपते, आणि ते डोळे मिटत नाहीत.

मीही गप्पच राहिले असते. पण काल फोनवर तू हसत हसत सांगितलंस की नाताळात आलीस की तिघं गोव्याला जाणार, पोरीची पाण्याची भीती घालवायची म्हणून अशी खोली घेतलीय की दार उघडलं की समोर पूल. सगळे ‘वा वा’ म्हणाले. मी कागद काढला. पाण्याकाठी आता कोण बघतंय ते नाव घेऊन ठरवा, आणि त्याने तेवढंच करायचं. ‘सगळे आहेत ना’ म्हणजे कुणीच नसतं. ट्यूबवर भरवसा ठेवू नका, हाताच्या अंतरावर राहा. भीती घालवायची तर शिकवणाऱ्याकडे सावकाश घाला. आणि अजून एक तुला कुणी सांगितलं नसेल. परवा ॲनिशाने स्टुलावर चढून दाराची कडी स्वतः काढली. आम्ही सगळ्यांनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या. माझ्यावर रागव, एरॉलशी भांड, पण पोरी, आधी ती खोली बदलून घे.

तुझीच,
क्लेमेंटीन मावशी