‘आवाज येतात,’ असं मी लिहिलं

पनवेल,
१६ नोव्हेंबर

वेणूताई,

नमस्कार. तू आणि भावोजी बरे असाल. तुझी मनस्वी शाळेत जायला लागली असेल. मी तळोज्याची कंपनी सोडली, मग द्रोणागिरीला गोदामात लागलो, तेही सोडलं. आता इथे खोली घेतलीय. खालची बाई सुक्या कोलंबीचे सोडे विकते, म्हणते करंजा गावचे. आपल्या गावचा वास आपल्याला कळत नाही होय? पण घेतो.

असो, सांगायचं दुसरंच होतं.

उन्हाळ्यापासून झोप नाही. म्हणून मनाच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी कागद भरायला दिला. त्यात होतं, ‘आवाज येतात का?’ मी लिहिलं, येतात, रोज. आपल्यात हाक मारली की आवाज दिला म्हणतात ना, मला वाटलं तेच विचारतायत. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, गोळ्या दिल्या. चार महिने तोंड कोरडं, हातपाय जड.

मग दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो, सुनीता मॅडमकडे. त्यांनी कागद बाजूला ठेवला, आवाज कोणाचा विचारलं. म्हटलं, आयचा. म्हणते, ‘धन्या, जेवलास काय रं?’

“कानाने ऐकू येतं, की आठवतं?”

“आठवतं हो. तुमाला नाय आठवत तुमची आय?”

त्या हसल्या. गोळ्या हळूहळू कमी करू म्हणाल्या, झोपेची एक राहू दे. पण नुसत्या गोळीने भागणार नाही, तू कोणाबरोबर जेवतोस, घरी शेवटचा कधी गेलास, तेही सांग. मला वाटलं, बाई स्थळ बघतेय माझ्यासाठी.

आई कुठे असते विचारलं, तर मी म्हटलं, घरी. तीन खेपा तेच सांगितलं. चौथ्या खेपेला जीभ वळली नाही.

ताई, फाल्गुनात आय गेली म्हणून तुझा फोन आला, तेव्हा मी सुरतेला आहे म्हणालो, पण नव्हतो. इथेच होतो, तासाभराच्या वाटेवर. तेराव्याला आलोही होतो. मांडवात तू पंगत वाढत होतीस आणि सारखी रस्त्याकडे बघत होतीस. मी रिक्षाच्या आड उभा राहिलो आणि परत फिरलो. आत गेलो नाही तर आय घरातच असेल, असं काहीतरी डोक्यात होतं.

तिकीट मिळालं नाही म्हणालो, तेव्हा तू नुसतं ‘बरं’ म्हणालीस. त्यानंतर फोन नाही. शिव्या दे, येऊ नकोस म्हण, पण काहीतरी बोल.

तुझ्याशी खोटं बोललेला, तुझाच भाऊ,
धनेश